मेलेले ढोर आणि जिती शेळी : गोठ्याचा आपला इतिहास

हल्ली मोबाईलवर खेड्याचे व्हिडिओ फार चालतात. पहाटेचे धुके, अंगणात सडा, गायीच्या गळ्यातली घंटा, परसात चार कोंबड्या, चुलीवरची भाकरी आणि मागे बासरी. खाली लोक लिहितात, "हेच खरे जीवन, शहरात काय आहे!" असे लिहिणाऱ्यांत आपलीही पोरे असतात. आपल्या आज्या-पणज्याने हेच खरे जीवन मागे टाकून गिरणी, रेल्वे आणि गोदी का गाठली, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

म्हणून हा लेख. विषय तसा साधा आहे: चार भिंतींचे घर, दारात दोन-चार जनावरे आणि दिवसभराची कामे. पण जनावर कोणाचे, शेण कोणी काढायचे, धार कोणी काढायची आणि मेल्यावर ओढायचे कोणी, हे प्रश्न विचारले की व्हिडिओतले धुके विरते.

सुरुवात मनूपासून करू. दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांच्याविषयी नियम आहे. त्यांनी गावाबाहेर राहावे आणि त्यांचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे. पुष्कळ लोक यातला गावाबाहेरचा भाग सांगतात आणि पुढचा सोडून देतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पशुधन हे त्या काळचे खरे धन होते. गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्यावर घर उभे राहते. त्यातले कोणते जनावर कोणाच्या दारात बांधले जाईल, हेच धर्मशास्त्राने ठरवून टाकले. बाबासाहेबांनी गावाच्या अलिखित कायद्याची यादी केली आहे. त्या यादीत अस्पृश्याने जमीन किंवा जनावरे अशी संपत्ती मिळवणे हा गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. लगेच पुढचा गुन्हा कौलारू घर बांधण्याचा. म्हणजे घर आणि गोठा या दोन्ही गोष्टी आपल्याला मना होत्या. मनूच्या काळातला श्लोक विसाव्या शतकातल्या गावात चालू नाण्यासारखा वापरात होता, तो असा.

आता दिवस कसा जायचा ते पाहू. शंभर वर्षांपूर्वीचा पश्चिम महाराष्ट्र किंवा मराठवाडा डोळ्यांपुढे आणा. वतनदार महाराच्या घरातला पुरुष पहाटे उठला की त्याचा दिवस त्याचा नसायचा. पाळी असेल तर तो येसकर. घुंगराची काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन निरोप पोचवायचा, सारा वसुलीला माणसे बोलावून आणायची, दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या घोड्याला गवत आणि तळाला लाकूडफाटा पुरवायचा. संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागायची. आणि या सगळ्यात मध्येच पाटलाच्या गोठ्यातून सांगावा यायचा की बैल पडलाय, ओढून न्या. हे काम सांगून येत नाही. पावसात, रात्री, घरात बाळंतीण असताना, कधीही यायचे.

बाईचा दिवस त्याहून लांब. जात्यावरचे दळण, पाण्यासाठी विहिरीजवळ ताटकळणे (वर उभ्या असलेल्या कोणीतरी पोहरा ओतावा म्हणून), मग रानात जाऊन लाकूड किंवा गवताचा भारा. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये या भाऱ्याची गोष्ट लिहून ठेवली आहे. मोळी विकायला नेली की गिऱ्हाईक बाईच्या दारात ती रचून द्यायची आणि रचताना प्रत्येक लाकूड तपासायचे. आपला केस किंवा लुगड्याचा धागा त्यात राहिला तर त्यांचे घर बाटायचे! लाकूड तोडणारा हात चालायचा, त्या हाताच्या बाईचा एक केस चालायचा नाही.

गोठ्यातही हीच रेघ होती. सालगडी म्हणून राबणारा आपला माणूस पाटलाच्या गोठ्यात शेण काढी, गव्हाणीत कडबा टाकी, बैल धुई, नांगराला जुंपी. उकिरडा भरणे त्याच्याकडे, उकिरडा शेतात नेणे त्याच्याकडे. धार काढायला मात्र त्याचा हात चालायचा नाही. शेण पवित्र, दूध पवित्र, पण एकाला आपण शिवायचे आणि दुसऱ्याला नाही. पावित्र्याचा हा हिशेब कष्ट कोणते आणि खाणे कोणते यावरून ठरत होता, दुसरे काही नाही. चवदार तळ्यावर तर जनावरे उघड पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती, हे आपल्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे.

आणि ज्या गोठ्याला स्वयंपूर्ण खेड्याचे प्रतीक म्हणतात, त्यात काय काय होते ते एकदा मोजा. बैलाचे दावे, कासरा, जनावराची मुसकी, शिंके, अंगण झाडायची केरसुणी हे सगळे मातंगाने वळलेले आणि बांधलेले. विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोट चर्मकाराने शिवलेली, त्याचे कातडे ढोराने कमावलेले आणि ते ज्या जनावराचे ते महाराने गावाबाहेर ओढून सोललेले. इतके हात काढून घेतले तर त्या स्वयंपूर्ण गोठ्यात उरते काय? ज्यांना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यावर केलेली टीका टोचते, त्यांनी या दाव्याकडे आणि मोटेकडे बघावे. स्वयंपूर्ण होते ते गाव नव्हते, गावाने बलुत्यावर बांधून ठेवलेली माणसे त्याला पूर्ण करत होती.

मग आपल्या घरात स्वतःचे असे काय होते? बहुतेक घरांत शेरडे आणि कोंबड्या. म्हैस क्वचित, कारण म्हशीला वैरण लागते आणि वैरणीला जमीन. शिवाय महारवाड्यातले दूध गावात घेणार कोण? शेळीचे तसे नव्हते. ती बाभळीच्या शेंगा खाते, बोरीचा पाला खाते, बांधावरचे काटेही खाते. पाच महिन्यांत विते. आपल्या धाराशिव-लातूर-बीड पट्ट्यातली उस्मानाबादी शेळी तर जुळ्या करडांसाठीच ओळखली जाते. म्हणून भूमिहीनाच्या दारात शेळी आली. तिला गरिबाची गाय म्हणतात. ती गाय नाही हेच बरे, कारण तिच्या नावावर अजून कोणी कोणाला झोडलेले नाही.

शेळीची कामे बाईकडे आणि पोरांकडे. सकाळी करडांना आईखाली सोडायचे आणि मग डालग्याखाली झाकायचे, नाहीतर ती दिवसभर पिऊन टाकतात. लेंड्या झाडून एका कोपऱ्यात साठवायच्या, कारण लेंडीखताला गिऱ्हाईक असते. कोंबड्यांचे खुराडे उघडायचे, अंडे कुठे घातले ते शोधायचे. ऊन वर आले की शेरडे घेऊन रानात जायचे, दिवस कलला की परत. येताना डोक्यावर पाल्याचा भारा, व्यालेल्या शेळीसाठी. पावसाळ्यात खुरी येते, कोवळे गवत खाऊन पोट फुगते, एका रात्रीत दोन करडे जातात. ज्यांच्याकडे स्वतःची शेळी घ्यायलाही पैसा नव्हता, ते दुसऱ्याची शेळी अर्ध्या वाट्याने सांभाळत: राखायची आपण, झालेल्या करडांतले निम्मे मालकाचे. यात ऐश्वर्य काही नव्हते. पण एक गोष्ट होती जी येसकराच्या काठीत नव्हती. हे जनावर आपले होते, विकायचे की ठेवायचे हे घरातली बाई ठरवत होती आणि त्यासाठी कोणाच्या दारात भाकरी मागावी लागत नव्हती.

माझे म्हणणे इथे सुरू होते. खेड्यातल्या आपल्या मुक्तीचा इतिहास आपण पाणी, मंदिर, शाळा यांच्या अंगाने पुष्कळ सांगितला. तोच इतिहास जनावराच्या अंगानेही सांगता येतो. तो मेलेल्या जनावरापासून जित्या जनावरापर्यंतचा प्रवास आहे. मेलेले जनावर हे आपल्यावर लादलेले काम होते. जिते जनावर ही आपण मिळवलेली मालमत्ता आहे. पहिले टाकायला आपण शिकलो. दुसरे राखायची लढाई अजून संपलेली नाही.

पहिले कसे टाकले? मार्च १९२७ च्या महाड परिषदेचे ठराव वाचा. लोक चवदार तळ्याची आठवण काढतात, पण त्याच परिषदेत स्पृश्य हिंदूंना सांगितले होते की तुमची मेलेली जनावरे तुम्ही स्वतः पुरा. मृत मांस खाण्यावर सरकारने कायद्याने बंदी आणावी, अशीही मागणी होती. यानंतर गावोगाव आपल्या लोकांनी ढोरे ओढणे बंद केले आणि गावोगाव मार खाल्ला. कारण काम घाणेरडे असले तरी ते आपण करणे हीच गावाची व्यवस्था होती. ज्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते तिने १९३० च्या अहवालात बहिष्काराचे हत्यार कसे चालते ते लिहिले आहे. जमीन कसायला द्यायची बंद, काम बंद, वाट बंद, दुकानदाराने माल देणे बंद. वाट बंद म्हणजे काय हे शेळी राखणाऱ्या बाईला विचारा. माणूस चोरून एखाद्या वाटेने जाईल, दहा शेरडे कशी चोरून नेणार?

त्या काळातला सर्वात हुशार युक्तिवाद 'केसरी'तून आला. मेलेल्या ढोराचे कातडे, शिंगे, हाडे यांतून महारांना वर्षाला पाचशे रुपये मिळतात आणि आंबेडकर त्यांचे हे उत्पन्न बुडवत आहेत, अशी मांडणी होती. धर्मांतरानंतर दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली. त्यांचे उत्तर होते की एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच घ्या, वरून पाचशे रुपये मी देतो. कोणी पुढे आले नाही. आजही कोणी 'पारंपरिक व्यवसाय जपा' म्हणून आपल्याला सल्ला देऊ लागला की मला हे पाचशे रुपये आठवतात.

ढोर टाकले तरी वतन राहिले होते. वतनाची जमीन तुकड्या-तुकड्यांनी भावकीत वाटली गेलेली आणि त्या तुकड्यासाठी अख्खे कुटुंब सरकारचे आणि गावाचे चोवीस तासांचे नोकर. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा सुधारायचे विधेयक आणले. वतन प्रत्यक्ष गेले ते १९५८ च्या कायद्याने. घरातल्या कामांच्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा आहे. पिढ्यान्पिढ्या पहिल्यांदा घरातल्या पुरुषाची सकाळ घराच्या मालकीची झाली.

आता बाबासाहेबांचा १९१८ चा लेख घेऊ, भारतातील लहान शेतधारणा आणि त्यावरचे उपाय या विषयावरचा. आपल्या अभ्यासवर्गांत तो फार कमी वाचला जातो. त्या काळी सगळे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की शेत लहान आहे म्हणून शेतकरी गरीब, तेव्हा तुकडे एकत्र करा. बाबासाहेब म्हणाले की शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. ते कसायला बैल किती, अवजारे किती, भांडवल किती यावर ठरते. बैल आणि अवजारे पुरेशी नसतील तर लहान वाटणारे शेतही त्या कुटुंबाला मोठेच असते. आणि शेतीवर बसून असलेली जास्तीची माणसे उद्योगांत गेल्याशिवाय शेती सुधारणार नाही. इथे जनावर पूजेची वस्तू नाही, शोभेचीही नाही. ते भांडवल आहे. सत्तावीस वर्षांच्या माणसाने हे लिहिले तेव्हा गोरक्षणाच्या सभा जोरात चालू होत्या.

या दृष्टीने आपल्या घरातली शेळी बघितली तर लगेच दिसते की तिची अडचण शेळीत नाही, चाऱ्यात आहे. जमीन नसलेल्याचे जनावर कायम दुसऱ्याच्या जमिनीवर असते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला आणि गावोगाव कोंडवाडे आले. शेळी बांधावरून पिकात गेली की कोंडवाडा, दंड आणि सोडवायला गेलेल्या बाईला शिव्या. १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगरही बंद केले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ही गोष्ट नेमकी पकडली आहे. थोडीशी शेती असलेली माणसे पूर्वी जंगलातली फळे-फुले-पाने आणि लाकूडफाटा यांवर भागवत, गायरानाच्या भरवशावर एक-दोन गायी आणि दोन-चार शेरड्या पाळत. जंगल खात्याने ते सगळे तोडले, असा त्यांचा आरोप आहे. 'असूड' हा फक्त कुणब्याच्या कर्जाचा ग्रंथ म्हणून वाचणाऱ्यांनी ती पाने पुन्हा काढावीत.

म्हणून गायरान हा आपल्याकडे इतका मोठा प्रश्न झाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, त्यांची मुख्य मागणी होती की पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. लाखो माणसे तुरुंगात गेली, बायका कडेवर पोर घेऊन गेल्या. पुढे मराठवाड्यात लोकांनी गायराने फोडली, दगड वेचले, बाजरी-तूर पेरली. १९७८ च्या आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयांनी जुनी कसवणूक कायम करायचे मान्य झाले. दुसऱ्या निर्णयात मुदत १४ एप्रिल १९९० ही धरली होती. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, पण सातबाऱ्यावर नाव चढवताना तलाठ्याचा पेन अडला तो अनेकांसाठी आजतागायत अडलेलाच आहे.

इथे आपल्यावर एक आरोप होतो आणि तो टाळून चालणार नाही. "तुम्ही गायरान नांगरले, मग गावची गुरे चरायची कुठे?" गावातला धनगर हे विचारतो तेव्हा त्याला उत्तर देणे लागते, कारण त्याची मेंढरे खरोखर त्या गवतावर जगतात. आपल्याच वस्तीतली शेळीवाली म्हातारीही हे विचारते. पण पन्नास एकर बागायत असलेला, गोठ्यात जर्सी आणि शेतात स्वतःचे गवत असलेला माणूस हे विचारतो, तेव्हा त्याला गुरांची काळजी नसते. त्याला मजुराने स्वतःच्या तुकड्यावर सकाळ घालवणे खुपते. चार एकर गायरान कसणारे कुटुंब कडबाही पिकवते आणि तो कडबा त्याच्याच दारातल्या दोन जनावरांना पुरतो. म्हणजे जमीन आणि चारा ही आपल्यासाठी दोन भांडणे नाहीत. गायरानाचा काही भाग कसणाऱ्याच्या नावावर आणि उरलेला चराईसाठी कायम राखीव, त्यावर शेळ्या-मेंढ्यावाल्यांचा पहिला हक्क, अशी मागणी आपण धनगर समाजाच्या बरोबरीने केली पाहिजे. नाहीतर दोघांना झुंजवून जमीन तिसराच नेईल.

तो तिसरा दिसू लागलाही आहे. २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने जमीन दिली असेल तर अपवाद करता येईल असेही म्हटले आहे. नोटीस काढताना निकालाचा पहिला भाग जोडतात, दुसरा जोडत नाहीत. २०२२ मध्ये हायकोर्टात विषय निघाला आणि राज्यभरातली दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे काढायची तयारी सुरू झाली. त्यात घरे होती, गोठे होते, कसलेली शेते होती. दुसरीकडे सौर प्रकल्पांसाठी गायराने देणे चालू आहे. वीज पाहिजेच. पण चाळीस वर्षे कसणारा अतिक्रमणदार आणि कंपनी मात्र विकासक, ही भाषा कुठून आली?

आणि शेळीपालनाच्या सरकारी योजना. दहा शेळ्या आणि एक बोकड, अनुसूचित जातीला पंचाहत्तर टक्के अनुदान. योजना वाईट नाही, घ्यावी. पण अर्ज भरताना गोठ्याला जागा कुठे आणि चारा कुठून हे प्रश्न येतात. भूमिहीनाला शेळी देऊन चराई काढून घेतली तर ती शेळी सहा महिन्यांत बाजारात जाते आणि मग अधिकारी सांगतात की या लोकांना सांभाळता येत नाही. भूमिहीनाला जमीन द्यायची योजनाही दादासाहेबांच्या नावाने आहे: चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत किती जणांना मिळाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

गुजरातमध्ये ११ जुलै २०१६ रोजी उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आपल्या माणसांना गोरक्षकांनी बांधून मारले. त्यानंतर तिथल्या लोकांनी काय केले ते आठवा. ढोरे ओढायचे नाकारले, मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली आणि प्रत्येक कुटुंबाला पाच एकर जमीन मागितली. महाडनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी तीच वाट. एका हाताने मेलेले जनावर परत केले आणि दुसऱ्या हाताने जमीन मागितली.

कार्यकर्त्यांना आत्ता करण्यासारखे काम आहे ते कागदांचे. आपल्या वस्तीतल्या कसणाऱ्या प्रत्येक घराची गाव नमुना १-ई मधली नोंद काढा, दंडाच्या जुन्या पावत्या शोधा, त्या बहुधा पत्र्याच्या पेटीत आजीच्या लुगड्याखाली असतात. कोंडवाड्याची जुनी पावती मिळाली तर तीही ठेवा, अमुक साली या घरात जनावरे होती याचा तो पुरावा आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळ्यांचे लसीकरण होते तेव्हा नाव बाईचे लिहायला लावा, कारण राखते ती. ग्रामसभेत गायरानाचा विषय आला की धनगरवाड्यावर आदल्या रात्री जाऊन या.